जाफर वजिराचे काय झाले?

मराठी ऐतिहासिक कादंबरीत आणि नाटकात मुसलमान पात्र कसे रंगवले गेले, हा आपल्या समीक्षेचा जुना आणि हक्काचा विषय आहे. संमेलनांच्या परिसंवादांतून, वार्षिकांच्या पानांतून त्यावर पुष्कळ लिहिले, बोलले गेले. क्रूर सरदार, कपटी मौलवी, विलासी सुलतान यांची यादी आता पाठ झाली आहे. ते काम निरर्थक होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण हे परिसंवाद चालू असताना आपल्याच घरातली मुले दुसऱ्या गोष्टींवर वाढत होती. त्यांना ना. सं. इनामदारांची कादंबरी कोणी वाचायला दिली नाही, आणि दिली असती तरी ती त्यांनी वाचली असती की नाही शंका आहे. त्यांच्या हातात संगणकाचा कळफलक होता. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण तळघरातून धावत होता आणि त्याच्या विरुद्ध उभा होता तो जाफर नावाचा वजीर.

संगणकावरच्या खेळालाही कथानक असते आणि कथानकाच्या मागे एक पूर्वकथा असते, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना पटवणे अवघड जाते. आम्ही कुसगावला राहतो. एके काळचे हे भातखाचरांचे मावळी गाव आज द्रुतगती मार्ग आणि अभियांत्रिकीच्या वसतिगृहांमुळे ओळखले जाते. इथली मुले खेळाच्या पूर्वकथेला 'लोर' म्हणतात. त्यातले काय प्रमाण आणि काय बाद यावर ती इतक्या तावातावाने भांडतात की जुन्या काळचे पोथीपंडित आठवावेत. हे भांडण होण्याला कारण आहे. खेळाची पूर्वकथा एकदा लिहून संपत नाही. नवा भाग निघाला की ती मागे जाऊन बदलली जाते, आणि बदललेले जणू पहिल्यापासूनच तसे होते असे दाखवले जाते. लेखक बदलतो, यंत्र बदलते, गिऱ्हाईक बदलते, तशी कथेतली माणसे मरतात, जिवंत होतात, धर्म बदलतात. या लेखात आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या एका मालिकेचा आणि तिच्या पोटातून निघालेल्या 'असॅसिन्स क्रीड' या दुसऱ्या मालिकेचा विचार करणार आहोत. इराणचा, इस्लामचा आणि हिंदुस्थानचा नाव घेऊन वापर करणाऱ्या या दोन मालिका आहेत. त्यांतल्या एकीचा धागा तर आपल्या पुण्यापर्यंत आला आणि तिथे तुटला.

मूळ खेळ १९८९ चा. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो अ‍ॅपल टू या संगणकासाठी जवळजवळ एकहाती केला. आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे त्याने चित्रण केले, आणि त्यावरून पडद्यावरच्या आकृतीच्या हालचाली रेखाटल्या. आजही त्या हालचालींतली सजीवता डोळ्यांत भरते. कथा चार ओळींची. सुलतान परमुलखात लढाईवर गेला आहे. मागे वजीर जाफरने सत्ता बळकावली आहे. त्याने शहजादीला एका तासाची मुदत दिली आहे : निकाह कबूल कर, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे, त्याने साठ मिनिटांत वर पोचायचे. गंमत अशी की हा नायक शहजादा नाहीच. तो कुठूनसा आलेला परदेशी तरुण आहे, शहजादीमुळे तो शहजादा होणार. खेळाच्या नावाशी ही गोष्ट जुळत नव्हती. म्हणून १९९३ च्या दुसऱ्या भागात तो मुळातच राजवंशातला होता असे उघड करण्यात आले. पूर्वकथेची ही पहिली दुरुस्ती. गरीब घरातला नायक कर्तृत्वाने वर येतो हे पहिल्या भागात चालून गेले, दुसऱ्यात त्याचे रक्त उच्च निघाले. आपल्या हिंदी चित्रपटांत हरवलेला मुलगा शेवटी ठाकूरसाहेबांचा निघतो, त्यातलाच हा प्रकार.

पण आम्हांला खरा प्रश्न पडतो तो जाफरचा.

हे नाव मेकनरने हवेतून काढलेले नाही. १९४० साली अलेक्झांडर कोर्डाचा 'द थीफ ऑफ बगदाद' हा चित्रपट आला. म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू याने त्यात चोर पोराची भूमिका केली होती. कॉनराड वाइट या जर्मन नटाने केलेला त्यातला दुष्ट जादूगार वजीर म्हणजे जाफर. हा चित्रपट मेकनरच्या डोळ्यांसमोर होता. १९९२ साली डिस्नेच्या 'अल्लादीन'मध्ये पुन्हा तोच वजीर, तेच नाव, तीच काटकुळी उंची. तीन पिढ्यांच्या मुलांना वजीर म्हटला की जाफर आणि जाफर म्हटला की कपटी, एवढे पक्के करून द्यायला हे तिघे पुरेसे झाले.

आता मूळ जाफर पाहू. जाफर बिन यह्या बरमकी हा खलीफा हारून अल्-रशीद यांचा वजीर आणि जिवलग मित्र. 'अलिफ लैला'त तो हारूनबरोबर वेष पालटून रात्री बगदादच्या गल्ल्यांतून फिरतो. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला तो याच रूपात भेटला. त्या गोष्टींत जाफर बिचारा बहुधा संकटात असतो. तीन सफरचंदांच्या गोष्टीत तर खुन्याला तीन दिवसांत शोध नाहीतर तुझेच डोके उडवतो, असा हुकूम त्याला मिळतो. म्हणजे मुदत देणारा जाफर नव्हता, मुदत मिळालेला जाफर होता. आणि इतिहासात तर ८०३ साली त्याच हारूनच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला, बरमकी घराणे कैदेत गेले, मालमत्ता जप्त झाली. ज्याच्यावर राजसत्तेने घाला घातला त्याला राजसत्ता बळकावणारा करून टाकण्याला अकरा-साडेअकरा शतके लागली, पण काम पुरते झाले.

या घराण्याची आणखी मागची कथा मावळात राहणाऱ्या माणसाला विशेष जवळची वाटावी. बरमकींचे पूर्वज बल्खच्या नवविहाराचे, अरबी ग्रंथांतल्या नौबहारचे, प्रमुख होते. 'बरमक' हा शब्दच संस्कृत 'प्रमुख'वरून आला असे अभ्यासक मानतात. बौद्ध विहाराच्या कारभाऱ्यांची मुले-नातवंडे बगदादची वजीर झाली. जाफरचे वडील यह्या यांनी हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि इथल्या धर्मपंथांची माहिती मिळवायला माणूस पाठवला होता, हिंदी वैद्य दरबारी आणले, सुश्रुताचा ग्रंथ अरबीत उतरवून घेतला. कुसगावाहून भाजे आणि कार्ले ही लेणी हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी आहेत. कार्ल्याच्या चैत्यात यवन दात्यांचे लेख खांबांवर कोरलेले आहेत. बल्ख आणि वेहेरगाव एकाच जाळ्यातली होती, आणि जाफर बरमकीचे मूळ त्या जाळ्यात होते. एवढी श्रीमंत पूर्वकथा असलेल्या माणसाच्या वाट्याला खेळात काय आले, तर तासाभराची वाळूघडी आणि शेवटी एक तलवारबाजी.

आमच्या एका परिचिताच्या घरात जाफर नावाचा मुलगा आहे. हजरत जाफर तय्यार यांचे नाव, इमाम जाफर सादिक यांचे नाव, म्हणून कौतुकाने ठेवलेले. शाळेत मुले त्याला हात वर करून जादू केल्यासारखे करून चिडवत. हिंदुस्थानात या नावावर १७५७ च्या मीर जाफरची सावली होतीच, तीत ही नवी भर. आम्ही हे उगाळत बसणार नाही. पण गोष्टीतल्या नावाची किंमत कोण चुकवतो, हे एवढ्यावरून कळते.

२००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या माँट्रियल इथल्या स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ काढला. कथा पुन्हा मेकनरचीच, पण आधीचे सारे पुसून नव्याने मांडलेली. या मालिकेतले हे सर्वांत चांगले काम, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि सर्वांत अवघड प्रश्न उभे करणारेही. इथे पूर्वकथा हिंदुस्थानात सुरू होते. इराणचा राजा शारमन आणि त्याचा मुलगा एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करतात. महाराजाचाच वजीर फितूर होऊन दार उघडतो. शहजादा कालाचा खंजीर लुटतो, वाळूची प्रचंड घडी लूट म्हणून नेली जाते, महाराजाची मुलगी फराह कैदी होते. पुढे वजिराच्या चिथावणीने शहजादा ती घडी उघडतो आणि सारे शहर वाळूच्या राक्षसांनी भरून जाते. खंजिराच्या बळावर काळ थोडा मागे फिरवता येतो. उडी चुकली तर मागे जा, पुन्हा मार.

वजीर उरला, त्याचे नाव गेले. जाफर हा शब्द या खेळात कोणी उच्चारत नाही. आधीच्या वर्षांत अरब आणि मुस्लिम संघटनांनी 'अल्लादीन'च्या गाण्यातल्या ओळींवर आक्षेप घेतल्यावर १९९३ मध्ये एक ओळ बदलावी लागली होती. ती हवा या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक होती. पण नाव काढले म्हणून पात्र सुधारले असे होत नाही. तो खोकणारा, मरणाला भिणारा, अमरत्वासाठी सारे जग जाळायला तयार असलेला म्हातारा आता फक्त 'वजीर' राहिला. म्हणजे एका माणसाची बदनामी थांबली आणि एका हुद्द्याची पक्की झाली. मराठीत बुद्धिबळाच्या पटावर सर्वांत बलवान मोहऱ्याला आपण वजीर म्हणतो, तिथे तो राजाला वाचवतो. पाश्चात्त्य खेळाच्या पटावर त्या घरात राणी असते, कदाचित म्हणून त्यांना वजिराची दुसरी बाजू ठाऊक नसावी.

या खेळाची निवेदनपद्धती मात्र विलक्षण आहे. सगळी गोष्ट शहजादा कोणाला तरी सांगतो आहे. खेळणाऱ्याची चूक होऊन शहजादा दरीत पडून मेला तर निवेदक शहजादा लगेच म्हणतो की छे, असे घडले नव्हते, पुन्हा सांगतो. मृत्यू म्हणजे रावीची चूक. हदीसशास्त्रात रावीची पारख कशी करतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला या युक्तीतली खोच लगेच कळेल. शेवटी उलगडते की ऐकणारी फराह आहे. शहजाद्याने काळ हल्ल्याच्या आधीच्या रात्रीपर्यंत मागे फिरवला आहे, आणि जे आता घडलेच नाही ते तो तिला सांगतो आहे. शहरजाद गोष्ट सांगून स्वतःचा जीव वाचवत होती, इथे लुटारूच्या घरचा मुलगा गोष्ट सांगून लुटल्या जाणारीला वाचवतो आहे. फराह त्यावर विश्वास ठेवत नाही, आणि आम्हांला वाटते तिचेच बरोबर आहे. साऱ्या कथेत तिच्या राज्याला नाव नाही, तिच्या प्रजेला चेहरा नाही, तिच्या देशाची भाषा नाही. हिंदू महाराजाच्या मुलीचे नाव अरबी कसे, हेही कोणाला खटकले नाही. आमच्यासारख्यांना ते नाव गोड लागावे, कारण हिंदुस्थानात अशी सरमिसळ घराघरांत आहे. पण लिहिणाऱ्याने ते जाणून केलेले नाही, त्याला पूर्वेकडचे सगळे सारखेच होते, इतकेच.

पुढची दोन वर्षे झरझर सांगण्यासारखी आहेत. २००४ चा 'वॉरियर विदिन' काळाकुट्ट, रक्ताळलेला आणि कर्कश संगीताचा. काळाशी खेळल्याबद्दल दहाका नावाचा राक्षस शहजाद्याच्या मागे लागतो. हे नाव अवेस्तातल्या अझी दहाकाचे, फिरदौसीच्या 'शाहनाम्या'त तोच खांद्यावर साप असलेला जह्हाक होतो, आणि तिथे तो अरब असतो. या खेळाला दोन शेवट होते. त्यांतला जो बहुतेक खेळणाऱ्यांनी पाहिलाच नव्हता तोच २००५ च्या 'द टू थ्रोन्स'ने खरा धरला. पहिल्या खेळात मारला गेलेला वजीरही इथे पुन्हा जिवंत, कारण शहजाद्याने आणखी मागे जाऊन सगळे पुसून टाकले होते. फराहला काहीच आठवत नाही. तीन वर्षांत एकाच बाईशी तीनदा पहिली ओळख, असा हा प्रकार.

या कथेचा पुण्याशी संबंध इथे येतो. युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ होता, मुंबईत २०१८ पासून. 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवण्याचे काम या दोन स्टुडिओंकडे सोपवले गेले आणि १० सप्टेंबर २०२० रोजी त्याची घोषणा झाली. कुसगावच्या वसतिगृहांत त्या वेळी टाळेबंदीमुळे शुकशुकाट होता, मुले घरोघरी अडकली होती, तरी ही बातमी सगळीकडे पोचली. ज्या कथेची सुरुवात हिंदुस्थानातल्या एका निनावी राजवाड्याच्या लुटीने होते, ती कथा हिंदुस्थानी हातांनी पुन्हा सांगितली जाणार होती. आम्हांला ही घटना मराठी समीक्षेने दखल घ्यावी इतकी मोठी वाटली होती, कोणी घेतली नाही. झाले ते असे की पहिली चित्रफीत पाहून जगभरच्या खेळणाऱ्यांनी चेहरे जुनाट, निर्जीव म्हणून हेटाळणी केली. तारीख जानेवारी २०२१ वरून मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला नेण्यात आले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केल्याचे जाहीर केले. हेटाळणीत काही रास्त होते, चित्रे कच्ची होती. पण त्या आठवड्यांत 'हिंदुस्थानी काम' या शब्दांना जो वास मारत होता तो चित्रांवरच्या टीकेचा नव्हता. पडद्यावर महाराजाचा वाडा लुटला गेला तेव्हा कोणी हळहळले नव्हते, आणि त्या वाड्याची चित्रे काढणाऱ्यांबद्दल हळहळण्याचे तर कारणच नव्हते.

पूर्वकथेचा खरा कायापालट २००८ साली झाला होता. त्या वर्षी नुसत्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या नावाने पुन्हा सगळे कोरे करून नवा खेळ निघाला. त्यात सुलतान नाही, वजीर नाही, मनोरे नाहीत. आता आहेत ओरमज्द आणि अहरिमन, प्रकाश आणि अंधार, जीवनवृक्ष. इराण इस्लामपूर्व झाला. दिसायला हा खेळ फार देखणा, जलरंगातल्या चित्रांसारखा. आणि फराह? नायकाच्या हरवलेल्या गाढवीचे नाव फराह. पाच वर्षांपूर्वीची हिंदुस्थानची राजकन्या विनोदापुरती गाढव झाली. जुन्या चाहत्यांना डोळा मारण्याची ही तऱ्हा असेल, आम्हांला ती किळसवाणी वाटते.

२०१० साली डिस्नेने चित्रपट काढला. नायकाचे नाव दास्तान. 'दास्तान' म्हणजे गोष्ट, एवढे तरी कोणाला माहीत होते. खलनायक राजाचा भाऊ निजाम. बेन किंग्ज्ली यांनी ती भूमिका केली, ज्यांचे वडील गुजराती खोजा घराण्यातले. निजामाच्या पदरी 'हसनसीन' नावाचे मारेकरी, आणि पवित्र नगरीचे नाव अलमूत. ही नावे कुठून कुठे गेली ते पाहून इतिहासाचा विद्यार्थी कपाळाला हात लावेल. सलजूकांचा वजीर निजामुल्मुल्क हा अलमूतच्या इस्माइलींचा कट्टर शत्रू, १०९२ मध्ये खंजिराने मारला गेला, आणि तो वार इस्माइली फिदाईचा होता असे मानले जाते. चित्रपटात निजामच मारेकऱ्यांचा धनी, आणि त्यांचे अलमूत शत्रूच्या राजकन्येचे देवस्थान.

अलमूतचा विषय निघाला की दुसऱ्या मालिकेकडे वळावे लागते. 'सँड्स ऑफ टाइम'च्या यशानंतर पात्रीस देझिले यांच्या चमूने पुढच्या भागासाठी शहजाद्याऐवजी त्याचा रक्षक असलेला एक असॅसिन नायक म्हणून घेतला. कंपनीला शहजाद्याच्या नावाच्या खेळात दुय्यम शहजादा नको होता, म्हणून तो वेगळा खेळ झाला. २००७ चा 'असॅसिन्स क्रीड'. स्थळ शामचा मुलूख, साल ११९१, किल्ला मस्याफ, नायक अल्तैर. दमिश्क, अक्का, यरुशलेम ही शहरे इतक्या प्रेमाने क्वचित कोणी पडद्यावर उभी केली असतील. अजान ऐकू येते. मुसलमान नाव धारण करणारा नायक, आणि तोही ११ सप्टेंबरनंतरच्या दशकात, ही साधी गोष्ट नव्हती. आपल्या मुलांनी हा खेळ छातीशी धरला तो त्यामुळे.

पण हा नायक नमाज पढत नाही, रोजा ठेवत नाही, त्याचा पंथ कशावरच विश्वास ठेवू नये असे शिकवतो. ही शिकवण इस्माइलींची नव्हे. स्लोव्हेनियन लेखक व्लादिमीर बार्तोलच्या १९३८ च्या 'अलमूत' या कादंबरीतून ती आली. बार्तोल युरोपातल्या हुकूमशाह्यांवर रूपक लिहीत होता. त्याच्या मागे हामर-पुर्गश्टालचा १८१८ चा असॅसिनांचा इतिहास, त्याच्याही मागे मार्को पोलोने सांगितलेली बाग आणि गुंगीचे औषध, आणि सर्वांत मागे क्रुसेडरांच्या छावणीतल्या वावड्या. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात ही साखळी कडी कडी सोडवून दाखवली आहे.

या साखळीत मुंबईचीही एक कडी आहे, आणि ती आपल्या वाचकांना फारशी ठाऊक नसते. १८६६ साली मुंबईच्या हायकोर्टात आगाखान खटला चालला. काही खोजांचे म्हणणे होते की त्यांची जमात मुळात सुन्नी, हसन अली शाह आगाखान यांचा तिच्यावर अधिकार नाही. न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढे प्रश्न आला तो जमातीच्या पूर्वकथेचा : तुमचे पूर्वज कोण, त्यांना दीक्षा कोणी दिली, काय म्हणून दिली? आगाखानांचे वकील हॉवर्ड यांनी खोजांचा 'दशावतार' हा गिनान पुरावा म्हणून कोर्टात मांडला. न्यायमूर्तींनी निकालपत्रात फातिमी खलिफांपासून अलमूतच्या इमामांपर्यंत वंश लावला, आणि अलमूतबद्दल लिहिताना हामर-पुर्गश्टालच्याच पुस्तकाचा आधार घेतला. निकाल आगाखानांच्या बाजूने गेला. म्हणजे एकाच कागदाने जमातीला कायद्याने मान्य इतिहास दिला आणि त्याच कागदात युरोपातली मारेकऱ्यांची दंतकथाही ग्राह्य पुरावा होऊन बसली. पुढे त्याच मुंबईत व्लादिमीर इवानोव या रशियन विद्वानाने इस्माइली हस्तलिखिते गोळा करून ती दंतकथा खोडून काढायला सुरुवात केली. माझगावला हसनाबादेत पहिल्या आगाखानांची कबर आहे, पुण्याचा आगाखान पॅलेस तर सर्वांच्या माहितीचा. अलमूत आपल्याला वाटते तितके दूर नाही.

खेळात मात्र पूर्वकथा उलट्या दिशेने वाहत गेली. २००९ च्या दुसऱ्या भागात नायक इटालियन झाला, पंथ जगभरचा झाला. सगळ्या धर्मांच्या मागे मानवापूर्वीची एक जमात आणि तिची यंत्रे होती, आदम आणि हव्वा त्यांच्या तावडीतून पळालेले, असे कळले. पहिल्याच भागात एक पात्र सांगते की लाल समुद्र दुभंगला वगैरे सगळे त्या यंत्राने घातलेले भास होते. हे बोलणारा शेवटी खलनायक निघतो, म्हणून आम्ही त्यावर आकांडतांडव करणार नाही. मग २०१७ चा 'ओरिजिन्स'. त्यात असे ठरले की हा पंथ इस्माइलींनी नव्हे, क्लिओपात्राच्या इजिप्तमध्ये बायेक आणि आया या जोडप्याने स्थापला. एक वर्षाने 'ओडिसी'ला जोडलेल्या कथेत पहिले गुप्त पाते त्याच्याही आधीच्या दारियस नावाच्या इराण्याच्या हाती दिसले. ज्यांच्यावरून नाव घेतले, किल्ला घेतला, पोशाख घेतला, ते आता शाखाप्रमुख ठरले. घराचा मालक पाहता पाहता भाडेकरू होतो तो असा. कायद्याने यात गैर काही नाही, गोष्ट त्यांची आहे. पण नाव आणि वास्तू त्यांच्या नव्हत्या.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग आपण काय वेगळे केले? प्रश्न योग्य आहे. पैगंबरांचे (स.) चाचा हजरत हमजा यांना आपल्या दास्तानगोंनी जादूगारांशी लढवले, परीशी लग्न लावून दिले, कोहकाफला नेले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने त्याचे ४६ खंड काढले. कुसगावच्या शेजारीच एक नमुना आहे. भाज्याच्या लेण्यात एक बाई दोन चर्मवाद्ये वाजवताना कोरलेली आहे. तबला अमीर खुसरोंनी शोधला ही आपल्याकडची लाडकी कथा, आणि भाज्याचे शिल्प दाखवून तो दोन हजार वर्षांपूर्वीचा ठरवणे ही दुसऱ्या बाजूची. संगीताचे अभ्यासक आजचा तबला १८ व्या शतकातल्या दिल्लीचा मानतात. दोन्ही पूर्वकथा मागाहून जोडलेल्या. फरक आम्ही इथे करू : दास्तानगो हमजांची उंची वाढवत होता आणि ऐकणाऱ्याला ती दास्तान आहे हे माहीत होते. जाफर बरमकीला हे दोन्ही मिळाले नाही.

अलीकडच्या दोन खेळांनी आमचे मत थोडे सावरले. २०२३ चा 'असॅसिन्स क्रीड मिराज' नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो, ८६१ मधला खलीफा मुतवक्किल यांचा खून कथेच्या आरंभीच येतो, आणि खेळता खेळता शहराच्या इतिहासावरची टिपणे संग्रहालयांतल्या चित्रांसह वाचता येतात. संवाद अरबीतही आहेत. नायक बासिम चोर आहे, मारेकरी आहे, पण त्याच्या भोवतीचे बगदाद कागद बनवते, ग्रंथ भाषांतरित करते, आजाऱ्यांवर उपचार करते. बरमकींना जाऊन तेव्हा अर्धशतक उलटलेले, तरी त्यांनी लावलेली झाडे त्या शहरात उभी आहेत.

२०२४ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' माँपेल्ये इथल्या स्टुडिओचा. नायक सारगोन, शहजादा नव्हे, राणीच्या अमर सैनिकांपैकी एक. पळवून नेलेला शहजादा गस्सान, नाव अरबी. या मालिकेत पहिल्यांदाच फारसी संवाद ऐकता येतात, आणि इराणी मुलांना त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल याची कल्पना आपण दखनीतला एखादा संवाद पडद्यावर ऐकू आला तर काय वाटेल त्यावरून करावी. इथेही इराण इस्लामपूर्वच आहे, मशीद दिसत नाही. पण स्थळ कोणते, तर काफचा डोंगर. आणि तिथे राहतो कोण, तर सिमुर्ग. अवेस्तातला सएन पक्षी आणि फिरदौसीचा सिमुर्ग दोन्ही जुने, फिरदौसीचा तर अलबुर्जवर घरटे करून राहतो. त्याला काफच्या डोंगरावर नेऊन बसवले ते निशापूरच्या अत्तारांच्या 'मंतिकुत्तैर'ने, म्हणजे सूफींनी. इस्लाम वजा करून जुना इराण शोधायला निघालेले लोक पोचले ते अत्तारांच्या दारात. त्यांना हे ठाऊक असो वा नसो, खेळताना आम्हांला जागोजागी जाणवत राहिले, आणि पहिल्या सिमुर्गदर्शनाला तर आम्ही कळफलक बाजूला ठेवून नुसते पाहत बसलो.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बातमी आली की खेळाची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली म्हणून ती घडवणारा चमू मोडून माणसे दुसऱ्या कामांवर लावली गेली. म्हणजे सारगोनची कथा तिथेच थांबली. यानंतर कोणी हा शहजादा पुन्हा उभा केला तर तो कोरी पाटी घेऊनच करील, आणि त्या पाटीवर वजीर असेल.